दोन टाके

सोमवारी, 9 जानेवारी 2023 ला, आमच्या लिस्टवर तीन केसेस होत्या. एक हर्निया, एक मूळव्याध आणि शेवटी ती. हर्निया संपवून बाहेर आलो तेव्हा फोनवर सर्जन मंडळींच्या ग्रुपचे सत्तरेक मेसेज साठले होते. डॉ. तेहेम्टन उडवाडिया गेले होते. वय 88. शनिवारीच गेले, पण रविवारी मी गावाला होतो, त्यामुळे मला ते सोमवारी सकाळी चहा पिताना कळलं.

प्रत्येक मेसेजमध्ये तेच होतं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढणारे पहिले सर्जन, 1990, जे. जे. रुग्णालय. पद्मश्री 2006, पद्मभूषण 2017. खाली हात जोडलेले. सगळं खरं आहे आणि त्यातल्या प्रत्येक मानाला ते पात्र होते. पण वरपासून खालपर्यंत वाचलं तरी 1972 कुणीही लिहिलेलं नव्हतं. मला त्या दिवशी 1972 च लागणार होतं. तिसरी केस त्यावरच उभी होती.

तिचं नाव लिहीत नाही. वय 34, बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीची. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जाणारे. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. बाई अंथरुणाला खिळली की कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. ही दोघं दिवाळीनंतर कारखान्यावर गेली, महिनाभरात तिचं पोट फुगायला लागलं, भूक गेली, संध्याकाळी अंग तापायचं. सुरुवातीला बाकीच्या बायका म्हणाल्या दिवस गेले असतील. तिनं सांगितलं, पिशवी तर कधीच काढलीय.

बेंबीखाली उभा व्रण होता. ऑपरेशन सव्विसाव्या वर्षी झालेलं. कारण विचारलं तर म्हणाली, “अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हन्ले, पुढं कॅन्सर होईल.” त्या ऑपरेशनचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी या गोष्टीबद्दल मान खाली घालून बोलायला हवं असं माझं मत आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82 हजारांवर बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मी ते आकडे वाचले तेव्हा त्यातल्या काही जणींना ओळखत होतो, कारण नंतरच्या कंबरदुखीसाठी आणि हाडं ठिसूळ झाल्याच्या तक्रारींसाठी त्या माझ्याकडेच येत होत्या.

कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथली फाइल तिच्या नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. सीटी स्कॅन केलेला. पोटात भरपूर पाणी, पोटाच्या आतलं अस्तर जाड, आतड्यावरचा चरबीचा पडदा घट्ट होऊन वडीसारखा झालेला. सीए-125 ही रक्ताची तपासणी 412, म्हणजे 35 च्या मर्यादेच्या कितीतरी वर. निदान लिहिलं होतं, पोटात पसरलेला कर्करोग, अंडाशयातून सुरू झालेला असावा. मागच्या पानावर केमोचा अंदाजे खर्च पेनने लिहिलेला. त्या आकड्याखाली नवऱ्याने काय काय विकता येईल त्याची बेरीज केली होती, तीही तशीच होती.

एवढ्या जाड फाइलमध्ये सगळं होतं, फक्त तुकडा नव्हता. कुणीही कुठूनही तुकडा काढून तपासायला पाठवला नव्हता. ‘असावा’ या एका शब्दावर तिला केमो लागणार होती.

मला टीबीचा वास आला होता, तो काही माझ्या हुशारीमुळे नाही. संध्याकाळचा ताप, वजन 36 किलो, आणि सासूने दोन वर्षांपूर्वी टीबीच्या गोळ्या खाल्लेल्या. सासू आणि ती एकाच खोपीत झोपायच्या. पोटाच्या टीबीतही सीए-125 शेकड्यांत जातं, कारण ते कॅन्सरच बनवतो असं नाही. पोटाचं अस्तर चिडलं की तेही बनवतं. हे पुस्तकात आहे. आम्ही पोटातलं पाणी सुईने काढून पाहिलं. पिवळसर, पेशी बहुतेक लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एडीए नावाचं एन्झाइम 64. हा तपास स्वस्त आहे आणि 39 च्या वर गेला की टीबीचा संशय दाट होतो. कॅन्सरच्या पेशी पाण्यात दिसल्या नाहीत. पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

माझे फिजिशियन मित्र म्हणाले, “एकेटी सुरू करून टाक. दोन महिन्यांत कळेल.” आमच्या भागात हे फार चालतं. टीबीच्या गोळ्या देऊन बघायचं, उतार पडला तर टीबी होता. माझा याला विरोध आहे आणि तो मी त्यांच्या तोंडावर सांगतो. तिला खरंच कॅन्सर असला तर ते दोन महिने तिचे जातील. तिला टीबी असला आणि जंतू औषधाला दाद न देणारे असले, तर ते कळायला तुकडाच हवा. शहरातल्यांनी न बघता कॅन्सर म्हटलं, आम्ही न बघता टीबी म्हणायचं, यात तिला काय फरक पडला?

बघायला हवं होतं. आणि पोटात बघण्यासाठी पोट फाडावं लागत नाही, हे या देशातल्या सर्जनांना ज्या माणसाने दाखवून दिलं, त्याच्या निधनाचे मेसेज माझ्या खिशात वाजत होते.

आजच्या रेसिडेंट मुलांना 1972 सालचं पोट समजावून सांगणं अवघड जातं. सीटी नाही. सोनोग्राफी आपल्याकडे यायची होती. पोटात गोळा लागतोय, पोटात पाणी झालंय, काविळीचं कारण कळत नाहीये, तर एकच उत्तर, पोट उघडून बघा. वीत-दीड वीत लांबीची चीर. आत हाताबाहेर गेलेला कॅन्सर दिसला की एक तुकडा घ्यायचा आणि पुन्हा शिवायचं. ज्या माणसाच्या आयुष्याचे दोन-तीन महिने उरलेत, त्यातला महिना तो टाके आणि पू सांभाळत वॉर्डात काढायचा. याला आम्ही ‘उघडून बंद’ म्हणायचो. नोंदवहीत दोन शब्दांत मावायचं.

डॉ. उडवाडिया तेव्हा जे. जे. ला मानद सर्जन होते. मुंबईच्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ही मानद पद्धत होती, मोठे सर्जन सकाळचा वेळ तिथे द्यायचे आणि विद्यार्थी घडवायचे. पोटाची दुर्बीण त्या वेळी होती, पण ती स्त्रीरोगवाल्यांची मानली जायची. सर्जनला हात घालून, चाचपून बघण्याचा अभिमान. भोकातून बघणं त्याला कमीपणाचं वाटे. डॉ. उडवाडियांनी 1972 पासून जे. जे. मध्ये ही दुर्बीण सर्जनच्या हातात घेतली, आणि ती कुणासाठी? ज्यांच्या पोटाचं निदान होत नव्हतं अशा जनरल वॉर्डातल्या गरिबांसाठी. ऑपरेशन करायला नव्हे, नुसतं बघायला. आधी बघा, तुकडा घ्या, मग ठरवा. 1986 साली त्यांनी इंग्लंडच्या रॉयल कॉलेजच्या नियतकालिकात सर्जनांसाठी याच विषयावर लेख लिहिला.

त्या लेखाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मी त्यांचा विद्यार्थी नाही. एकदा एका परिषदेत मागच्या रांगेतून त्यांना ऐकलं, एवढीच माझी त्यांची भेट. झेरॉक्स मला माझ्या सरांनी दिली होती. सर मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात सर्जरी शिकवायचे आणि दर सहा महिन्यांनी स्वतःच्या पैशाने मुंबईला जाऊन जे. जे. च्या थिएटरमध्ये उभे राहून यायचे. परत आले की आम्हा रेसिडेंटना रात्री नऊला बोलावून काय पाहिलं ते फळ्यावर काढून दाखवायचे. डॉ. उडवाडियांचे असे किती विद्यार्थी असतील, ज्यांची नावं त्यांनाही माहीत नसतील.

ग्रुपवर सगळे 1990 लिहीत होते, ते मला याच कारणाने अपुरं वाटलं. 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तर त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना मानलं नाही. 1987 मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी काढलं. आणि लगेच 1990 ला मुंबईत, एका सरकारी रुग्णालयात? हे शक्य झालं कारण तिथे एक माणूस अठरा वर्षं रोज त्या नळीतून पोट बघत होता. पडद्यावरची डावी-उजवी, खोली, यकृताची कड कुठे संपते, हे सगळं त्याच्या डोळ्यांत मुरलेलं होतं. आणि हे ऑपरेशन श्रीमंतांचे चोचले आहेत असं लोक म्हणत होते तेव्हा ते उलट सांगत राहिले, की लवकर कामावर परतण्याची गरज सर्वांत जास्त हातावर पोट असलेल्याला असते. मोडलेला कोयता पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आता मला 1997 सालचं लिहायला हवं. ते टाळून ही केस सांगता येणार नाही.

मी बंधपत्रावर एका ग्रामीण सरकारी रुग्णालयात होतो. एका हमालाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. पोट फुगलेलं, मधूनमधून उलट्या, हाडांवर कातडं. मी आणि माझे वरिष्ठ, आम्ही ठरवलं, उघडू. पोट उघडलं तर आत पोकळीच नव्हती. सगळं आतडं एका जाड पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं, एकाला एक चिकटलेलं, रेशमाच्या कोषासारखं. तो टीबी होता. अशा वेळी तुकडा घेऊन मागे फिरायचं असतं. मी मागे फिरलो नाही. मला वाटलं, एवढं उघडलंय तर सोडवूया. बोटाने सोडवताना आतड्याला भोक पडलं. शिवलं. पाचव्या दिवशी टाक्यांतून शेण यायला लागलं. टीबीच्या आतड्याला पडलेलं भोक कुपोषित शरीरात भरत नाही. तेविसाव्या दिवशी तो गेला. त्याचा बाप मला काही बोलला नाही, माझ्या पायाला हात लावायला वाकला आणि मी मागे सरकलो.

त्या रुग्णालयात दुर्बीण होती. कुटुंब कल्याणच्या शिबिरांसाठी आलेली, बिनटाक्याच्या ऑपरेशनची. त्या काळी अशा दुर्बिणी तालुक्या-तालुक्याला वाटलेल्या होत्या. ती कपाटात होती, कपाटाची चावी भांडारपालाकडे होती, आणि नोंदवहीत ती फक्त नसबंदीसाठी होती. चावी मागितली तर लेखी कारण द्यावं लागेल, वरिष्ठ म्हणतील बायकांचं यंत्र कशाला, एवढाच अडथळा होता. झेरॉक्स माझ्या खोलीत, उशाखालच्या फायलीत होती. मी चावी मागितलीच नाही. हा दोष कुणा भांडारपालाचा नाही आणि कुठल्या नियमाचाही नाही, माझा आहे. पंचवीस वर्षं मी तो धरून आहे आणि सोडायची इच्छा नाही.

तर, सोमवार.

भूलतज्ज्ञ मॅडम शेजारच्या तालुक्याहून येतात, त्यांनी कमरेत भूल दिली आणि वरून थोडं झोपेचं औषध. पूर्ण भूल तिच्या 36 किलोला झेपली असती, पण आमच्याकडे रात्रभर कुणी लक्ष ठेवायला नसतं, म्हणून त्या शक्यतो टाळतात आणि मी त्यांचं ऐकतो. व्हेरेस सुई ट्रेवर मांडलेली होती. यानोश व्हेरेस हे हंगेरीचे डॉक्टर. त्यांनी 1938 मध्ये ही स्प्रिंगची सुई सांगितली ती टीबीच्या रुग्णांच्या छातीत हवा भरून फुप्फुस मिटवण्यासाठी. पुढे ती दुर्बिणीआधी पोटात गॅस भरायला वापरात आली. त्या दिवशी मी ती वापरली नाही. टीबीच्या पोटात आतडं कुठे चिकटलेलं असेल सांगता येत नाही आणि हिच्या पोटात आधीचं एक ऑपरेशनही होतं. आंधळेपणाने सुई घालायची माझी तयारी नव्हती. सकाळीच सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडून आतडं कुठे मोकळं सरकतंय ते बघून घेतलं होतं, त्यांनी डाव्या बरगडीखाली स्केच पेनने फुली मारून दिली होती. तिथे सव्वा सेंटिमीटर चीर, एकेक थर डोळ्यांनी बघत आत, मग अस्तर चिमट्यात धरून छोटं छेदलं. पाणी आलं. ते घाईने काढायचं नसतं, रक्तदाब कोसळतो. सिस्टर मोजत होत्या. साडेतीन लिटर निघायला वेळ दिला.

दुर्बिणीची काच आत गेली की वाफेने धुरकट होते. यावर महागडी द्रवं मिळतात. आमचे ओटीतले मामा थर्मासमध्ये गरम सलाइन भरून ठेवतात आणि काच त्यात बुडवून देतात. वीस वर्षांत त्यांनी एकदाही थर्मास विसरलेला नाही. ज्या कॉर्पोरेट थिएटरमध्ये मी अधूनमधून जातो तिथे अख्ख्या टीममध्ये इतका भरवशाचा माणूस मला भेटलेला नाही.

पोट फुगवायचा गॅस कमी दाबावर, 8 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवला. दिवा लागला.

आधी मी काहीच बोललो नाही. सिस्टर म्हणाल्या, “सर, हे सगळीकडे आहे.” होतं. पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर, यकृताच्या पाठीवर, आतड्यावर, पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. हजारो. पण सगळे एका मापाचे, एका अंतरावर. त्यांच्या मधलं अस्तर लालसर आणि ओलं. कॅन्सरच्या गाठी अशा शिस्तीत बसत नाहीत. एक मोठी, एक बारकी, दोन एकमेकींत मिसळलेल्या, कड खेचलेली. इथे तसं नव्हतं. यकृत आणि छाती-पोटामधला पडदा यांच्यामध्ये बारीक पांढरे धागे ताणलेले होते, मागावर ताणा लावावा तसे. ते बघून भूलतज्ज्ञ मॅडम खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आल्या.

मला ते धागे सोडवायचे नव्हते. एकही नाही. हात तिकडे जाऊ नये म्हणून मी कात्री ट्रेवरून काढायला लावली होती, ऑपरेशनच्या आधीच.

उजव्या कुशीला दुसरं, पाच मिलिमीटरचं भोक. तिथून चिमटा. आतड्यापासून लांब, भिंतीच्या अस्तरावरून चार तुकडे घेतले. तीन फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या सलाइनमध्ये. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो. मग तो वाढवून बघता येत नाही, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का हे सांगणंही अवघड होऊन बसतं. पोट उघडून, दुर्बीण घालून, नेमका तुकडा काढून शेवटी अख्खा फॉर्मॅलिनमध्ये टाकणारे सर्जन मी दर महिन्याला पाहतो. जगातल्या चार टीबी रुग्णांतला एक आपल्या देशात आहे आणि सलाइनची बाटली किरकोळ पैशांत मिळते.

मग मी दुर्बीण खाली, ओटीपोटात वळवली. पिशवी नव्हती, ते माहीतच होतं. अंडाशय शोधायला लागलो. डावीकडे नाही. उजवीकडे नाही. टेबलचं डोकं खाली करून आतडं अलगद वर सरकू दिलं, पुन्हा बघितलं. दोन्ही बाजूंना नुसता शिवलेला बुंधा. सव्विसाव्या वर्षी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढून टाकलेले होते, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मला एकदम सीटीच्या रिपोर्टमधलं ते वाक्य आठवलं, जे मी तीनदा वाचून पुढे गेलो होतो. ‘अंडाशय वेगळे दिसत नाहीत.’ वेगळे दिसत नाहीत म्हणून ते गाठीत बुडाले असतील, असं शहरातल्यांनी धरलं. ते नव्हतेच. नसलेल्या अंडाशयातून कर्करोग सुरू झाला असावा असं लिहिलं गेलं. मीसुद्धा ते वाक्य वाचलं होतं आणि मलाही शंका आली नव्हती.

गॅस सोडला. वरच्या भोकाला एक टाका, कुशीच्या भोकाला एक. 34 मिनिटं.

नवरा बाहेर बाकड्याशेजारी भिंतीला टेकून उभाच होता. बाईला बाहेर आणल्यावर त्याने पांघरूण थोडं बाजूला करून बघितलं, मग माझ्याकडे. “एवढंच का, साहेब? दोनच टाके? का मधूनच सोडून देलं?” पूर्वी कुणाचं तरी ‘उघडून बंद’ त्याने पाहिलं असणार. त्याच्या हिशेबाने लहान चीर म्हणजे डॉक्टरने हात टेकले. मी त्याला बसवून सांगितलं, बघायचं होतं तेवढं सगळं बघितलं, तुकडा घेतलाय, आता सहा दिवस थांब, तोवर काहीही विकू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः चालत शौचाला गेली.

तुकड्याचा रिपोर्ट रविवारी फोनवर आला. टीबीच्या ठरावीक गाठी, मध्ये चक्क्यासारखा नासलेला भाग. कॅन्सर नाही. सलाइनमधल्या तुकड्यात जंतू सापडला आणि तो रिफाम्पिसिनला दाद देणारा होता. मी तिला आणि नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, कॅन्सर नाही, टीबी आहे. टीबी झाल्याचं ऐकून एवढं रडू आणि हसू एकत्र मी फार कमी वेळा पाहिलंय. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद केली, पोषणासाठी महिन्याला तेव्हाचे 500 रुपये खात्यात येतील हे समजावलं, आशाताईंचा नंबर दिला. वजनानुसार चार औषधांची एकत्र गोळी दोन महिने आणि पुढे तीन औषधं चार महिने. सासू आणि पोरं तपासायला बोलावली. धाकट्याच्या छातीत डाग निघाला, त्यालाही वेळेत गोळ्या सुरू झाल्या. अंडाशयांचं मात्र मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही. एकाच दिवशी दोन्ही कसं सांगायचं, हे मला सुचलं नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, की डॉ. उडवाडियांची आठवण काढताना 1972 विसरू नका, आणि केसचे दोन फोटो टाकले, नाव-गाव झाकून. बऱ्याच जणांनी हात जोडले. एका तरुण सर्जनने मात्र रात्री साडेअकराला फोन केला. विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात असतो. म्हणाला, “सर, आमच्याकडे कुटुंब कल्याणची दुर्बीण आहे, कपाटात. ती वापरली तर चालेल का?” आम्ही पाऊण तास बोललो. चावी कशी मागायची, अर्जात काय लिहायचं, तेसुद्धा सांगितलं. मग सरांकडून आलेली ती झेरॉक्स फोटो काढून त्याला पाठवली. पानांच्या कडा तपकिरी झाल्यात आणि समासात सरांच्या हातचं पेन्सिलने लिहिलेलं ‘आधी बघा’ अजून वाचता येतं.

ती जुलैत आली, गोळ्या संपल्यावर. वजन 47. हातात माझ्यासाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. म्हणाली, यंदा कारखान्यावर जायचं ठरलंय, उचल फेडायचीय. मी म्हटलं, आधी बस, तुला एक सांगायचंय. आणि मला शब्द सापडेनात म्हणून मी कॉम्प्युटरवर तिचंच रेकॉर्डिंग लावलं.

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. “हे मपल्या पोटातलं हाये?” हो म्हटलं. पांढरे दाणे दिसले तशी म्हणाली, “भगर सांडल्यावानी दिसतंय.” या रोगाच्या अशा दाण्यांना जुन्या डॉक्टरांनी बारीक धान्यावरूनच ‘मिलिअरी’ हे नाव दिलेलं आहे, पण हे तिला सांगायला मी थांबलो नाही, कारण दुर्बीण आता खाली वळत होती.

“अन् इथं काय असतं?” तिनं बोट ठेवून विचारलं. इथे पिशवी असते, मी म्हटलं. आणि इथे, आणि इकडे, दोन्ही बाजूंना अंडाशय. तुझे तेही काढलेत, तेव्हाच. म्हणून तुला सव्विसाव्या वर्षापासून अंगाची आग होते, हाडं दुखतात. त्यावर औषध आहे, ते आपण सुरू करू.

तिनं मान हलवली. बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. रेकॉर्डिंग संपून पडदा काळा झाला तरी बघत होती.

मग म्हणाली, “तव्हा काढायच्या आधी, असं आत बघितलं व्हतं का कोनी?”

“नाही,” मी म्हटलं.